हार्ट अ‍ॅटॅकनंतर ‘बाकीचं’ कधीपासून?

हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या माणसाला डिस्चार्जच्या वेळी जो कागद मिळतो त्यात जवळजवळ सगळं असतं. कुठली गोळी सकाळी, कुठली रात्री जेवल्यावर, मीठ किती, चालणं किती, जिने कधी चढायचे, गाडी कधी चालवायची, कामावर कधी जायचं, पुढचा इको कधी. नवराबायकोनं परत जवळ कधी यायचं हे मात्र त्यात बहुतेक वेळा नसतंच. आणि जे कागदावर नाही ते विचारायचं नसतं असं लोक आपोआप धरून चालतात.

मी कार्डिअ‍ॅक रिहॅबमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे अ‍ॅटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास झालेल्या लोकांना ट्रेडमिलवर चालवायचं, सायकल मारायला लावायची, मॉनिटरवर डोळा ठेवायचा आणि हळूहळू त्यांचा स्वतःच्या शरीरावरचा विश्वास परत आणायचा, हे माझं काम. तर हा प्रश्न आलाच तर नेहमी एकदम शेवटी येतो. सेशन संपलेलं असतं, बुटाची लेस बांधून झालेली असते, फाईल काखेत, आणि काका दारापाशी थबकून म्हणतात, “मॅडम, गाडी चालवू ना आता? आणि बॅग वगैरे उचलली तर चालेल ना? आणि... बाकीचं?” हे ‘बाकीचं’ म्हणताना बघायचं माझ्याकडे नाही, बीपीच्या मशीनकडे. मग मी दार लावून घेते, बसा म्हणते, आणि बोलते. आज तेच सगळं इथे लिहितेय, कारण दारापर्यंत येऊन न विचारताच निघून जाणारे विचारणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असणार हे मला पक्कं माहितीये.

हा माझा नुसता अंदाज नाही. अमेरिका आणि स्पेनमध्ये १८ ते ५५ वयाच्या, म्हणजे तशा तरुणच, अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अ‍ॅटॅकनंतरच्या पहिल्या महिन्यात सेक्सबद्दल डॉक्टरांशी काही बोलणं झालं का असं विचारलं तर बायकांपैकी फक्त १२ टक्के आणि पुरुषांपैकी १९ टक्के हो म्हणाले. आणि ज्यांचं बोलणं झालं त्यांना सांगितलं काय, तर त्यातल्या दोनतृतीयांश लोकांना कुठली ना कुठली बंधनंच घातली होती. कमी करा, तुम्ही फार हालचाल करू नका, ठोके वाढू देऊ नका. ठोके वाढू देऊ नका! ट्रेडमिलवर आम्ही मुद्दाम वाढवतो ते ठोके आणि बेडरूममध्ये मात्र वाढू द्यायचे नाहीत, याला काय म्हणायचं. त्यातली बरीच बंधनं वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये कुठेच नाहीत.

माझा खरा राग आहे तो ‘जरा जपून’ या सल्ल्यावर. सांगणाऱ्याला वाटतं आपण काळजीनं सांगितलं, विषय पण सभ्यपणे मिटला. ऐकणाऱ्याला त्यातून कळतं काय? किती जपून, कशापासून, कधीपर्यंत, काहीच कळत नाही, आणि घाबरलेला माणूस अशा मोघम वाक्याचा अर्थ नेहमी ‘बंद’ असाच लावतो. मग महिने जातात, कधी वर्ष, आणि दोघांना वाटत राहतं की दुसऱ्यालाच आता नकोय.

तर आकड्यांत बोलू. शरीराला किती मेहनत पडते हे मोजायचं माप म्हणजे मेट. शांत बसलेल्या माणसाला लागते तेवढी ऊर्जा म्हणजे १ मेट, भराभर चालायला साधारण ३ ते ४. आणि नेहमीच्या जोडीदाराबरोबरचा नेहमीचा संबंध साधारण ३ ते ५ मेट, तेही सगळा वेळ नाही, शेवटचे थोडे सेकंद जास्त, बाकी वेळ कमीच. ठोके बहुतेकदा १३० च्या वर जात नाहीत, आणि ज्यांचं बीपी मुळात ठीक आहे त्यांचं वरचं बीपी १७० च्या वर सहसा जात नाही. हे नवीन संशोधन आहे असं पण नाही, १९७० मध्येच अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या मध्यमवयीन पुरुषांना मॉनिटर लावून घरी सोडलं होतं. संबंधाच्या वेळी त्यांचे ठोके जास्तीत जास्त सरासरी ११७ पर्यंत गेले. आणि त्याच लोकांचे रोजच्या नोकरीधंद्याच्या कामात? १२०. म्हणजे ऑफिसला जायची परवानगी आनंदात देणारे आपण या बाबतीत का एवढे बिचकतो ते तुम्हीच सांगा.

कोण वर कोण खाली यानं काय फरक पडतो हेपण लोकांना विचारायचं असतं आणि कधीच विचारता येत नाही, म्हणून सांगून टाकते. १९८४ मध्ये काही निरोगी नवऱ्यांवर हे प्रयोगशाळेत मोजलं होतं, पुरुष वर असताना सरासरी ३.३ मेट, बायको वर असताना २.५, आणि नुसत्या हातानं केलेल्या सुखाला २ च्याही आत. म्हणजे फरक आहे, पण एवढा नाही की त्यावरून नियम करावा. ज्यात दोघांना आराम वाटतो, श्वास मोकळा राहतो, ते करावं. बायपास झालेल्यांचं थोडं वेगळं, त्यांना छातीच्या हाडावर आणि हातांवर भार येईल असं काही काही दिवस चालत नाही, पण ते हाडासाठी, हृदयासाठी नाही. (तरुण निरोगी जोडप्यांवरच्या अलीकडच्या एका अभ्यासात ६ मेटच्या आसपासचे आकडे आलेत हे खरंय, पण ती विशीतली मंडळी होती, त्यांच्याशी कशाला स्पर्धा.)

मग स्वतःला कसं कळणार की आपण तयार आहोत? जुनी आणि अजूनही चालणारी साधी परीक्षा म्हणजे जिना. दोन मजले बऱ्यापैकी वेगात चढून गेलात आणि छातीत दुखलं नाही, फार धाप लागली नाही, चक्कर नाही, तर बहुतेकांच्या बाबतीत हृदय एवढी मेहनत झेपवतंय असं धरतात. ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांची ट्रेडमिल टेस्ट करतात आणि ३ ते ५ मेटपर्यंत त्रास न होता, ईसीजी न बिघडता जाता आलं की हिरवा कंदील. मी जमलं तर हे दोघांसमोर करते. एकदा एक काकू बाहेर बाकावर बसून राहायच्या, आत यायच्याच नाहीत, त्यांना ट्रेडमिलचा आवाज ऐकूनच धडधडायचं म्हणे. त्यांना आत बोलावलं, स्क्रीनसमोर उभं केलं आणि हा आकडा ठोक्यांचा, ही रेघ ईसीजीची, आता बघा मी वेग वाढवते, असं एकेक दाखवत गेले. काका घाम पुसत चालतायत, ठोके ११८, रेघ जागच्या जागी. काकू बराच वेळ नुसत्या बघत होत्या आणि मग अगदी हळू म्हणाल्या, “एवढं चालतं का यांना?” तोपर्यंत त्या काकांना बाजारची पिशवीसुद्धा उचलू देत नव्हत्या. त्या दिवशी सेक्सबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नाही आणि तरी अर्धं समुपदेशन तिथेच झालं असं माझं मत आहे.

जोडीदाराची भीती हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. पेशंटला निदान डॉक्टर, सिस्टर, आम्ही सगळे विचारत असतो, कसं वाटतंय, दुखतंय का. ज्या बाईनं रात्री अडीचला नवऱ्याला छाती धरून बसलेलं बघितलंय तिला कोण विचारतं? ती नंतर कित्येक रात्री त्याचा श्वास चालू आहे ना हे तपासत जागी असते. अशात त्यानं जवळ घेतलं तर तिच्या मनात पहिला विचार येतो की माझ्यामुळे परत काही झालं तर. ती बाजूला होते, तो समजतो की आपण आता तिच्या दृष्टीनं आजारी, निकामी माणूस. दोघं एकमेकांना जपण्यासाठीच लांब जातात आणि बोलत कुणीच नाही. त्यामुळे समुपदेशनाला शक्यतो दोघांनी यावं, आणि कुणाला एकट्यानं बोलायचं असेल तर तेही मिळायला हवं, कारण काही गोष्टी समोरासमोर निघत नाहीत.

आता कधीपासून. पूर्वी सरसकट ६ ते ८ आठवडे थांबा म्हणायचे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१२ च्या निवेदनानं हे बरंच पुढे आणलं: अ‍ॅटॅक गुंतागुंतीचा नव्हता, आता छातीत दुखत नाही, साधी मध्यम हालचाल त्रासाशिवाय जमते, तर एक आठवड्यानंतरसुद्धा हरकत नाही. अँजिओप्लास्टीत सगळ्या ब्लॉकेजचं काम झालं असेल तर मनगटाची किंवा जांघेची सुई टोचलेली जागा नीट भरली की काही दिवसांत. बायपासला ६ ते ८ आठवडे, छातीचं हाड जुळेपर्यंत. आणि थांबायचंच कुणी? ज्यांना बसल्या जागी किंवा थोड्याशा हालचालीनंही छातीत दुखतंय, हार्ट फेल्युअर आटोक्यात नाही, बीपी बेफाम आहे, ठोक्यांची धोकादायक गडबड चालू आहे किंवा झडपेचा गंभीर त्रास आहे, त्यांनी आधी ते स्थिर करून घ्यायचं. छातीत शॉक देणारं मशीन, म्हणजे आयसीडी बसवलेले लोक वेगळीच भीती घेऊन येतात, की त्या क्षणी शॉक बसला तर बायकोला काही होईल का. तिला फार तर जरासा झटका जाणवेल, इजा होत नाही. पण शॉक वारंवार बसत असतील तर मात्र आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

आणि ‘त्यातच जाणारे’? ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये, पण तिचा आकार तरी बघूया. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशोब मांडला. अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या माणसाला कुठल्याही एका तासात परत अ‍ॅटॅक यायची शक्यता साधारण लाखात १, आणि संबंधानंतरच्या दोन तासांत ती होते तासाला लाखात २ च्या आसपास. दुप्पट झाली म्हटलं की धडकी भरते, लाखात २ म्हटलं की जरा श्वास घेता येतो, आणि दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीची आहेत. त्याच अभ्यासातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे जे नियमित व्यायाम करतात त्यांच्यात ही वाढ जवळजवळ उरतच नाही. म्हणून मी ट्रेडमिलला कंटाळलेल्यांना हे सांगते, चेहरे खुलतात आणि हजेरी पण सुधारते. आणखी एक, जपानमध्ये १९६३ मध्ये अचानक मृत्यूंच्या साडेपाच हजारांवर केसेस तपासल्या होत्या, त्यात संबंधाच्या वेळचे फक्त ३४, आणि त्यातलेही बहुतेक घराबाहेरच्या संबंधातले. अनोळखी जागा, भरपूर जेवण, दारू, लपवाछपवीचा ताण, या सगळ्याची किंमत हृदय मोजतं असं दिसतं. यावर मी जास्त भाष्य करत नाही, सुज्ञास सांगणे न लगे.

गोळ्यांबद्दल आता नीट वाचा. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके आणि बीपी कमी करणारी गोळी, सुरू झाली की ताठरता येत नाही अशी तक्रार फार येते, आणि काही लोक डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका, बीटा ब्लॉकर अचानक सोडणं अ‍ॅटॅकनंतर खरोखर धोक्याचं असतं. दुसरं म्हणजे २००३ चा इटलीतला एक अभ्यास बघा. हृदयविकाराचं नुकतंच निदान झालेले, आधी ताठरतेचा काहीच त्रास नसलेले ९६ पुरुष, ३२ जणांचे तीन गट, सगळ्यांना एकच बीटा ब्लॉकर गोळी, अ‍ॅटेनोलॉल. पहिल्या गटाला गोळी कुठली तेच सांगितलं नाही, त्यातल्या १ जणाला त्रास झाला. दुसऱ्याला नाव सांगितलं, ५ जणांना. तिसऱ्याला नाव सांगून वर यानं ताठरतेला त्रास होऊ शकतो पण क्वचितच असंही सांगितलं, १० जणांना. गोळी तीच! म्हणजे त्रास खोटा होता असं अजिबात नाही, त्या दहांना तो खराच होता, पण तो भीतीनं आणलेला होता आणि भीतीवर इलाज गोळी सोडणं हा नाही. आणि तरी गोळीनंच होत असेल तर बदलून मिळते, नेबिव्होलॉलसारख्या काही बीटा ब्लॉकरनी हा त्रास कमी होतो. लघवीच्या काही गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन यांचाही परिणाम होऊ शकतो, त्यालाही पर्याय असतात. शिवाय अ‍ॅटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला मोठं डिप्रेशन येतं आणि त्यात इच्छा पहिली जाते, तिथे हृदयाच्या गोळीला शिव्या घालून उपयोग नाही. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीपण इच्छा कमी होते, तर तेही सांगायला लाजू नका.

व्हायग्रा. म्हणजे सिल्डेनाफिल. गंमत म्हणजे हे औषध मुळात अंजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यानं छातीत दुखतं त्यासाठी, तपासत होते, भलताच परिणाम दिसला आणि १९९८ मध्ये ते या कामासाठी बाजारात आलं. हृदय स्थिर असलेल्या बऱ्याच पुरुषांना हे औषध डॉक्टर देऊ शकतात, अ‍ॅटॅक आला म्हणजे आयुष्यभर बंदी असं नाही. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा त्याच जातीचं, म्हणजे नायट्रेट, कुठलंही औषध आणि हे औषध एकत्र म्हणजे बीपी इतकं कोसळू शकतं की जीव जाईल. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास नायट्रेट नाही, ताठरतेचंच दुसरं औषध टाडालाफिल असेल तर ४८ तास नाही. छातीत दुखण्यावरची निकोरँडिल ही गोळी चालू असेल तरीही ही औषधं नकोत. आणि घेतल्यावर नेमकं छातीत दुखायला लागलं तर? थांबायचं, सॉर्बिट्रेट ठेवायची नाही, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची आणि येणाऱ्या माणसाला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी अमुक गोळी इतक्या वाजता घेतलीय. इथे लाजलात तर तो बिचारा नेहमीप्रमाणे नायट्रेट देणार. हे जोडीदारालाही माहीत पाहिजे, चोरून घेतलेल्या गोळीचा सगळ्यात मोठा धोका हाच. आणि ‘पूर्णपणे नैसर्गिक’, ‘साइड इफेक्ट नाही’ म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या ताकदीच्या कॅप्सूलमध्ये न सांगता सिल्डेनाफिल घातलेलं वारंवार सापडलंय, तर त्या तर नकोच.

एक उलटी गोष्ट पण आहे जी अ‍ॅटॅक न आलेल्यांनी वाचावी. लिंगाच्या रक्तवाहिन्या जेमतेम १ ते २ मिलीमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ च्या. आतून अस्तर खराब व्हायला लागलं की बारीक नळीत आधी कळतं, त्यामुळे ताठरतेचा त्रास बऱ्याचदा हृदयाच्या तक्रारीच्या २ ते ५ वर्षं आधी येतो. चाळिशी-पन्नाशीत हे सुरू झालं तर नुसती गोळी मागू नका, साखर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि हृदय तपासून घ्या.

सुरुवात करताना कुठल्या तारखेला काय असं वेळापत्रक करू नका हो, काही लोक खरंच करतात. आधी नुसतं जवळ झोपणं, हात फिरवणं, मग पुढे. भरपेट जेवल्यावर दोनतीन तास जाऊ द्या, दारू पिऊन नको, दमलेले असताना नको, खोली फार गार किंवा फार गरम नको. छातीत दाब, धाप उतरेना, धडधड थांबेना, चक्कर, किंवा दुसऱ्या दिवशी अंगातलं त्राणच गेल्यासारखं झालं तर पुढच्या व्हिजिटची वाट न बघता कळवा. ठोके वाढणं, घाम येणं, श्वास जोरात होणं हे मात्र व्हायचंच, प्रत्येक ठोक्याला अ‍ॅटॅक समजू नका. पहिल्यांदा नीट जमलं नाही तरी त्याचा हृदयाशी संबंध असेलच असं नाही, परीक्षेला बसल्यासारखं वाटत असताना कुणाला जमतंय.

आणि बायका. वरचं सगळं लिहिताना माझ्याही डोळ्यासमोर काकाच येत होते, कारण विचारायला दारात तेच थबकतात. अ‍ॅटॅक आलेली बाई क्वचित विचारते, आणि तिला आता हे सगळं नकोच असेल असं समोरचे परस्पर ठरवून टाकतात. १२ टक्क्यांचा आकडा वर दिलाय तो उगाच नाही. तिचे प्रश्न पण वेगळे असतात: कोरडेपणा आणि त्यामुळे दुखणं, विशेषतः पाळी गेल्यावर. साधं पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट बिनधास्त वापरा, हॉर्मोनच्या क्रीमबद्दल मात्र डॉक्टरांना विचारून. बायपासनंतर छातीच्या टाक्यावर ब्रेसियर घासते, स्तनाजवळ बधिरपणा राहतो, तो व्रण दाखवायचीच लाज वाटते, हे मला बायका सांगतात, पण फक्त दुसऱ्या एखाद्या व्यायामाच्या मध्ये, चालता चालता.

वय कमी असेल तर आणखी एक गोष्ट तातडीची आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या अ‍ॅटॅकनंतर चालत नाहीत, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. कॉपर टी किंवा इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत. उलट अ‍ॅटॅकनंतर नेहमी दिली जाणारी काही बीपीची औषधं, म्हणजे रॅमिप्रिलसारखी किंवा टेल्मिसार्टनसारखी, दिवस राहिले तर बाळाला अपाय करतात. म्हणजे घरी आल्यावर पहिल्यांदा जवळ यायच्या आधीच हे ठरलेलं हवं, आणि होतं असं की हार्टवाले समजतात गायनॅक सांगतील, गायनॅककडे ती गेलेलीच नसते. डिस्चार्जच्या दिवशीच वॉर्डमध्ये विचारा, मला आता कुठलं गर्भनिरोधक चालेल, आणि जे सांगतील ते त्याच कागदावर पेनानं लिहून घ्या.